गॅरेजातली सॅन स्टॉर्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आमच्या घराच्या बाजूच्या बोळात, पत्र्याच्या छपराखाली, दोन सीटांची आणि छत उघडणारी एक पिवळी गाडी उभी असते. नऊ वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी मी तिच्याखाली असतो नाहीतर तिच्या बॉनेटमध्ये. नोकरी बँकेत, त्यामुळे हे सगळं शिक्षण रस्त्यावरचं. पोह्याच्या ठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, पेट्रोल पंपावर लोक मला तेच तेच विचारतात. एकदाच लिहून ठेवतो.

ही गाडी बाहेरून मागवली का?

गोव्याहून. आपल्याच देशातली आहे. सॅन मोटर्सनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावानं ती बाजारात आणली. पोलादी चेसिस, वर फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं १,१४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, फ्रान्समध्ये ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत बसायचं तेच. खूप कमी गाड्या बनल्या. म्हणून सिग्नलला शेजारचा रिक्षावाला काच नसल्यासारखा आत डोकावतो.

साठ हॉर्सपॉवर? मग स्पोर्ट्स कार कसली?

हा प्रश्न माझ्या मेहुण्याचा. दर दिवाळीला विचारतो.

आकडा बरोबर आहे, साठच. पण गाडी हलकी आहे, बूड रस्त्यापासून वीतभर वर आहे, आणि भेरूघाटात दुसऱ्या गिअरवर वळण घेताना चाळीसचा वेगसुद्धा पुरेसा वाटतो. नुसत्या ताकदीचंच कौतुक असेल तर आपल्या इंदूरचाच इतिहास काढा. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग एसजे घेतली होती, सुपरचार्जरवाली, ३२० हॉर्सपॉवरचा दावा असलेली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून मापं देऊन बनवून घेतली. म्हणजे चेसिस एकाची आणि अंगरखा दुसऱ्याचा हा प्रकार या शहराला नवा नाही. फक्त त्यांच्याकडे खजिना होता, माझ्याकडे रविवार आहे.

घरी गाडीत असे बदल करणं कायद्यात बसतं का?

थोडं बसतं, बरंच बसत नाही. आधी हे वाचा, मग पाना हातात घ्या.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीमधली माहिती कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा.

त्यामुळे दुसरं इंजिन, कापलेली चेसिस, वाढवलेली रुंदी, बदललेली बॉडी या गोष्टी माझ्या यादीत नाहीतच. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं आणि तेव्हा गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. माझी गाडी दोनदा उभी राहिली, दोन्ही वेळा पास झाली, कारण मी जे केलंय ते दुरुस्तीच्या जवळचं आहे. विम्याचंही तसंच: जे बदलाल ते विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर तीच गोष्ट तुमच्यावर उलटते.

व्हिंटेजच्या सवलतीबद्दल विचाराल तर ती ५० वर्षांवरच्या गाड्यांना. स्टॉर्मला अजून बराच अवकाश आहे.

सुरुवात कुठून करायची?

माझा एक नियम आहे आणि सगळी उत्तरं त्याच्याच पोटातून निघतात: जे परत काढता येणार नाही ते लावायचं नाही. मूळ भाग कापायचा नाही, त्याला नवीन भोक पाडायचं नाही, आणि काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवायचा. आमच्या माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी स्टॉर्मचा मूळ एअरबॉक्स आहे. आईला तो दर वर्षी भंगार वाटतो.

दुसरं, जुन्या गाडीत ‘अपग्रेड’च्या आधी ‘परतफेड’ असते. वीस वर्षांत गाडीनं काय काय गमावलं ते तिला आधी द्या: रबरी नळ्या, टायमिंग बेल्ट, इंजिन माउंटिंग, टायर. टायर नक्षीवर जोखू नका, वयावर जोखा. कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझ्याकडे गाडी आली तेव्हा टायरची नक्षी नव्यासारखी होती आणि रबर दगडासारखं. नुसते टायर बदलल्यावर मेहुणासुद्धा म्हणाला, ‘इंजिनात काही केलंस का?’

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हॉर्न दिला की दिवे मंद होतात. भूत आहे का?

फायबरच्या बॉडीचं भूत. त्याचं नाव अर्थिंग.

पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच करंटची परतीची वाट असते. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला, दिव्याचं एक टोक बॉडीला, झालं काम. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून अशा गाडीत प्रत्येक दिव्याला जायची तार वेगळी आणि यायची वेगळी. यायची तार गंजली की करंट दुसऱ्या दिव्याच्या फिलामेंटमधून वाट काढतो, आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर उजळतो.

मी दोन महिने फ्यूज, स्विच, फ्लॅशर बदलत बसलो. शहरातल्या एका वर्कशॉपनं तर अख्खं वायरिंग नवं टाकायचा अंदाज हातात दिला होता. शेवटी छावणीतले एक म्हातारे इलेक्ट्रिशियन उस्ताद घरी आले. त्यांनी चहा संपवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘भिया, करंट गया तो सही, वापस किधर से आएगा?’ मग पिशवीतून एक लांब तार काढली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं आणि दुसरं मागच्या दिव्याच्या काळ्या तारेला टेकवलं. दिवा असा भक्कन पेटला की मी मागे सरलो. दोन महिने आणि दोन मिनिटं.

तुम्ही मल्टीमीटरनं हेच तपासा. दिवा चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या अर्थवर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की वाट खराब. माझ्याकडे १.३ दिसत होतं.

इलाज स्वस्त आहे. विजेच्या दुकानात मीटरबोर्डासाठी पितळेची न्यूट्रल लिंक मिळते, स्क्रूच्या भोकांची पट्टी. अशी एक पट्टी डिकीत, एक डॅशबोर्डामागे आणि एक पुढे बसवली. तिन्हींना बॅटरीपासून १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ओढली आणि आसपासच्या सगळ्या काळ्या तारा त्या पट्टीत घट्ट केल्या. टोकांना थिंबल दाबून, वर थोडं ग्रीस. त्यानंतर पाच पावसाळे गेले, भूत परत आलं नाही.

हेडलाइट मंद आहेत. जास्त वॅटचे बल्ब टाकू का?

नको. नियमात बसत नाही, होल्डर वितळतो, आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतो. जुन्या रचनेत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज झिरपतं. हॅलोजन बल्बचं गणित निर्दय आहे: व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. दोन रिले (हलक्या करंटनं चालणारे आणि जड करंट जोडणारे स्विच) लावा, बॅटरीवरून फ्यूज घालून सरळ जाड तार आणा, आणि स्विचकडे फक्त रिले चालवायचं हलकं काम ठेवा. मूळ तार कापू नका. तिचा प्लग रिलेत खोचता येईल अशी जुळणी करा, म्हणजे उद्या सगळं काढून पूर्वीसारखं करता येईल.

मे महिन्यात पलासियाच्या सिग्नलला गाडी तापते. कायमचा उपाय?

उन्हाळ्यात इंदूरचा पारा बेचाळीसला टेकतो आणि सिग्नल संपत नाही. पहिला सल्ला सगळीकडे एकच मिळतो: ‘थर्मोस्टॅट काढून फेका.’ (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची पाण्याची वाट बंद ठेवणारी झडप.) फेकू नका. तो काढला तर थंडीत इंजिन तापायला पाऊण तास घेतं, इंजिनाच्या कंप्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि इंजिनची झीज वाढते. नवा बसवा, काम झालं.

मग रेडिएटरचं झाकण बघा. ते दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. एक बारच्या झाकणानं उकळबिंदू साधारण १२० पर्यंत जातो. रबर चिरलेलं झाकण म्हणजे शिट्टी उडालेला कुकर.

यानंतरचं काम मात्र घरचं, आणि माझं सगळ्यात आवडतं. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी गोल पंखा थेट रेडिएटरच्या जाळीवर प्लॅस्टिकच्या टायनं बांधला होता. अशा पंख्यासमोर जेवढा गोल येतो तेवढीच जाळी गार होते, कोपरे कोरडे राहतात. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये पेटीसारखं आवरण हवं, त्याला श्राउड म्हणतात, म्हणजे पंखा संपूर्ण जाळीतून हवा ओढतो.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आधी साचा केला. पुठ्ठा चार वेळा चुकला तरी फुकट असतो, पत्रा एकदा चुकला की लोहामंडीत पुन्हा खेप. साचा बसल्यावर दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापला, कडा लाकडी ठोकळ्यावर वाकवल्या, रिव्हेट मारले. जाळीपासून पंख्याचं अंतर दोन इंच ठेवलं. पण महामार्गावर हीच पेटी हवेला अडवते. म्हणून चारही कोपऱ्यांत चौकोनी खिडक्या पाडून त्यांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे पडदे लावले. गाडी उभी असली की पंख्याच्या ओढीनं पडदे बंद, वेगात वाऱ्याच्या दाबानं उघडे. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमनं बुजवल्या, नाहीतर हवा जाळीला वळसा घालून निघून जाते.

पंख्याला वेगळा रिले आणि फ्यूज. आणि साधं नळाचं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी.

इंदूरला गाडी गोव्यापेक्षा कमी ओढते का, की माझा भास?

भास नाही. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत. इथं हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच कमी. त्यात मे महिन्यातली दुपारची विरळ हवा. साठातले पाच-सहा घोडे तबेल्यातच बसून राहतात.

म्हणूनच बाजारात मिळणारा उघडा, चकचकीत कोन फिल्टर मला पटत नाही. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आवाज वाढतो आणि माणसाला वाटतं ताकद वाढली. मी मूळ फिल्टरच ठेवला, त्याला घरी बंद पेटी केली आणि तिची नळी हेडलाइटमागून थेट बाहेरच्या हवेत काढली. तोंड खाली वळवलेलं, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. ताकद वाढली असं मी म्हणणार नाही. दुपारी जी हरवत होती ती थोडी परत आली.

फायबरचं काम खरंच घरी जमतं?

जमतं, पण फुंकून ताक प्यायचं काम आहे.

मी ते शिकलो झांकीवाल्या एका काकांकडून. बाहेरच्यांसाठी सांगतो: अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिच्या कामगारांची झांकी निघतेच. काकांनी आयुष्यभर या झांक्यांसाठी हत्ती, राक्षस आणि मारुती घडवले. मी तड गेलेला बंपर घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, हा तर मारुतीच्या शेपटीपेक्षा सोपा आहे.’

तडा बाहेरून लिंपायचा नसतो. तड जिथं संपते तिथं तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढं धावत नाही. (माझ्या नियमाला हा एकच अपवाद.) मग आतल्या बाजूनं दोन्हीकडे तीन-तीन इंच उताराची घासाई करा, ८० नंबरचा घासकागद, वर अॅसिटोनचा हात. त्यावर काचेच्या धाग्यांचं मॅट (चौरस मीटरला ४५० ग्रॅमचं), लहान तुकड्यापासून मोठ्या तुकड्यापर्यंत तीन थर. रेझिन, म्हणजे मॅट भिजवून घट्ट होणारा चिकट द्रव, वजनानं मॅटच्या दोन ते अडीच पट. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती नव्हे, ते नुसतं ठिसूळ होतं. रोलरनं प्रत्येक बुडबुडा बाहेर काढा. बाहेरून दिसतात त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा बहुधा फक्त जेलकोटच्या, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराच्या असतात, त्यांना घाबरू नका.

रेझिन घट्ट करणारा हार्डनर एक ते दोन टक्के. इथं मी चूक केली ती ऐका. मे महिना, दुपारचे दोन, आणि मी पुस्तकातले दोन टक्के घालून अर्धा किलो रेझिन श्रीखंडाच्या डब्यात कालवलं. पाच मिनिटांत काडी ढवळेना, सातव्या मिनिटाला धूर निघाला, आणि डबा तळातून बसून तुळशीवृंदावनाशेजारच्या फरशीवर पसरला. तो पिवळा डाग अजून आहे. आई पाहुण्यांना तो दाखवते. तेव्हापासून उन्हाळ्यात एक टक्का, शंभर-दीडशे ग्रॅमचाच घोळ, पसरट भांड्यात, आणि काम पहाटे सहाला.

आता गमतीचं नाही ते. हार्डनर आणि त्याला वेग देणारा कोबाल्ट अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. रेझिनचा वास कोंडेल अशा खोलीत काम नको.

आणि एक शहाणपण, जे मला फार उशिरा सुचलं: दुर्मिळ गाडीचा भाग फुटायच्या आधी त्याचा साचा काढून ठेवा. चांगल्या बंपरला मेण लावा, वर पीव्हीएचा (साचा चिकटू नये म्हणून लावायच्या द्रवाचा) हात, आणि उलटा साचा घ्या. माझ्या माळ्यावर आता दोन्ही बंपरांचे साचे आहेत. आईला तेही भंगार वाटतं.

ब्रेक मोठे करावेत का?

तुमचे आत्ताचे ब्रेक जोरात दाबल्यावर चाक लॉक करू शकतात का? करत असतील तर थांबायचं अंतर टायर ठरवतो, डिस्कचा आकार नाही.

घरी करायचं काम म्हणजे ऑइल. ब्रेकचं डॉट ४ ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल भरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट फरशीला टेकतं. म्हणून दोन वर्षांनी एकदा पूर्ण ऑइल बदला, शक्यतो पावसाळा संपल्यावर. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळू नका. रबरी होज वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर आजच बदला.

ब्रेकचा कुठलाही भाग मी घरी बनवत नाही. सीट बेल्टच्या बोल्टलाही हात लावत नाही, आणि बेल्ट फायबरला तर कुणीच बांधू नये. इथं जुगाड नाही.

स्प्रिंगचे दोन आटे कापले तर गाडी खाली बसेल ना?

बसेल. स्प्रिंग कडकही होईल, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की ती आपल्या खाचेतून सटकू शकेल. कापू नका.

बुशची, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत धक्का पिणाऱ्या नळकांड्यांची, हौस मी भागवून घेतलेली आहे. रबरी बुश मिळेना म्हणून लेथवाल्याकडून नायलॉनचे करून घेतले. पहिल्या दिवशी स्टिअरिंग इतकं नेमकं वाटलं की मी विनाकारण महूपर्यंत जाऊन आलो. पंधराव्या दिवशी डॅशबोर्डातला प्रत्येक स्क्रू बोलायला लागला, आणि महिन्यानं चेसिसच्या ब्रॅकेटला केसाएवढी तड दिसली. रबर जो धक्का पितं तो नायलॉन पुढे ढकलतो, कुठंतरी तो बाहेर येणारच. निमूटपणे दुसऱ्या गाडीचे, मापाला जुळणारे रबरी बुश शोधले. कॅलिपर घेऊन दुकानात तीन तास उभा होतो.

आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. चेसिसखाली दोन स्टँड हवेतच. जॅक फायबरच्या कडेला लावला तर तो वर जातो, गाडी जागेवरच राहते.

ई-२० पेट्रोलचं काय?

आता पंपावर बहुतेक वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्या त्याच्या आधीच्या. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज काही टक्के घटणारच, त्यावर घरगुती औषध नाही. खरा प्रश्न रबराचा आहे. जुन्या पेट्रोलच्या नळ्या फुगतात, मऊ पडतात, आतून सोलतात. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, इंजेक्शनच्या दाबाला चालतील अशाच. पंपाचे आणि इंजेक्टरचे ओ-रिंग विटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे. क्लिपही इंजेक्शनच्या नळीची गोल घ्या, खाचांची साधी क्लिप रबर कापते.

दुसरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात दोन-दोन महिने गाडी उभी ठेवू नका. मी दर पंधरा दिवसांनी निदान राऊपर्यंत जातो. घरी सांगतो, पेट्रोल खराब होईल.

कंप्युटर बदलून ट्यूनिंग?

करता येतं. स्पीडुइनो नावाची, आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारी, सगळ्यांना खुली असलेली रचना आहे. सोल्डरिंग येत असेल तर घरी जोडता येते. पण आधी बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा) आणि मीटर लावा. मिश्रण दिसत नसताना ट्यूनिंग म्हणजे डोळे मिटून फोडणीत मीठ टाकणं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणून आकडे पाठ करू नका, लॅम्डा, म्हणजे मिश्रण त्या इंधनाच्या नेमक्या प्रमाणाच्या किती पट आहे, ते बघा, नेमक्या मिश्रणाला तो दोन्हीकडे एकच.

मी बोर्ड जोडलाय, टेबलावर चालवलाय, गाडीत बसवलेला नाही. मूळ कंप्युटर अजून व्यवस्थित आहे, आणि चालत्या गाडीला कशाला छेडायचं.

टर्बो?

नाही.

एक्झॉस्ट?

गंजलेला पाइप ३०४ स्टेनलेस स्टीलचा करून घेतला, मूळ व्यासाचाच, मूळ मफलरसकट. बाराशे सीसीच्या इंजिनाला मनगटाएवढा पाइप लावला की फक्त शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात.

सुटे भाग मिळतात कुठे?

बॉडीचे मिळत नाहीत, म्हणून वरचे साचे. इंजिनाचे मिळतात, फक्त ‘स्टॉर्म’ म्हणून मागू नका. इंजिनाचं नाव डी७एफ: बोअर ६९ मिलिमीटर, स्ट्रोक ७६.८, आठ व्हॉल्व्ह. ट्विंगो-क्लिओच्या नावानं टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, गॅस्केट युरोपातून मागवता येतात. मी वर्षातून एकदा यादी करून मागवतो, पुण्याच्या आतेभावाकडे एक स्टॉर्म आहे, खर्च अर्धा-अर्धा. बेअरिंग आणि ऑइल सील नेहमी मापानं मागा. सियागंजात जुना नग काउंटरवर ठेवून ‘हे माप’ म्हटलं की गाडीचं नाव कुणी विचारतच नाही.

पीथमपूरच्या ट्रॅकवर पळवलीस का कधी?

नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक इथून तासाभरावर आहे, २०२१ मध्ये सुरू झाला. पण ती कंपन्यांच्या चाचण्यांची जागा, आपण उठून फेरी मारायला जावं अशी नाही. आणि बायपास म्हणजे ट्रॅक नव्हे, हे भाच्याला दर आठवड्याला सांगतो.

एकूण खर्च किती झाला?

वही आहे. बेरीज केलेली नाही, मुद्दाम.

एवढं सांगतो: अर्थिंगच्या पट्ट्या, पंख्याचं आवरण आणि ब्रेकचं ऑइल या तीन कामांचा मिळून खर्च एका नव्या टायरपेक्षा कमी आला, आणि गाडीत सगळ्यात मोठा फरक त्यांनीच पडला. नायलॉनचे बुश, ते काढायची मजुरी, ब्रॅकेटचं वेल्डिंग आणि परत रबरी बुश हा धडा सगळ्यात महाग.

पावसात छत गळतं का?

हो. बीडिंगचं रबर तीनदा बदललं, एकदा दरवाजाच्या रबराची पट्टी कापून वर चिकटवली, एकदा काकांच्या सल्ल्यानं काचेच्या चौकटीवर फायबरची बारीक पन्हळ केली, उचलून काढता येईल अशी. आधी उजव्या गुडघ्यावर गळायचं, आता डाव्या सीटवर गळतं. तिथं बायको बसते. जुलै ते सप्टेंबर ती तिची वेगळी गाडी काढते.